गंजलेली खिटी

मित्रांनो, ज्याच्यावर पाठ टेकून लोक छाती कमावतात, तो मी व्यायामशाळेतला एक जुना बेंच. माझे पाय बोल्टांनी जमिनीला जखडलेले आहेत. कारागिराने मला घडवलं तेव्हा पाठीखाली एक खिटी दिली होती. ती ओढली की पाठ हवी तितकी तिरकी करता यायची. पण आडवं पडून सगळ्यात जास्त वजन उचललं जातं, आणि लोकांना मिरवायचं असतं ते वजनच! मग माझी पाठ कोण उचलणार? खिटी जागच्या जागी गंजली आणि मी छत बघत पडून राहिलो. छताचे पोपडे मला तोंडपाठ झाले.

एका हॉटेलचा दारवान रोज यायचा. त्याच्या गणवेशाचा कोट गळ्याखाली ढगळ पडायचा. मॅनेजरने बजावलं होतं, "कोट अंगावर शोभला नाही, तर दार सोडून गोदामात जावं लागेल."

व्यायाम शिकवणारे उस्ताद त्याला म्हणाले, "अरे, वरची छाती भरायची ना? बेंच तिरका कर, वजन कमी घे."

त्याने खिटी ओढली. ती ढिम्म हलेना. "जाऊ दे, आडव्यावरच वजन वाढवतो," तो म्हणाला.

एका दुपारी तो एकटाच होता. प्लेटा घसरू नयेत म्हणून त्याने बारच्या दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट लावल्या. बार छातीवर आला, तो वर जाईचना. क्लिपा नसत्या, तर बार कलवून प्लेटा खाली पाडता आल्या असत्या. आता दारवान बार आणि मी यांच्यामध्ये पुरता अडकला. त्याच्या काळजाची धडधड माझ्या पाठीला कळत होती. मला हात नाहीत याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात व्यायामशाळा झाडणाऱ्या मावशी झाडू घेऊन आल्या. "अगं बाई! काय करू रे?"

"क्लिप... काढा."

मावशींनी क्लिप ओढून काढली, त्याने बार कलवला आणि प्लेटा धडाधड पडल्या. त्याने श्वास घेतला, मग मीही.

"जीव गेला असता, मग कोट कोणाला घातला असता?" मावशी रडत रडत ओरडल्या.

दुखणं थांबल्यावर तो तेल घेऊन आला. बराच खटाटोप केल्यावर खिटी सुटली. पाठ वर झाली आणि मला समोरचं दार दिसलं! हलकं वजन, मावशी शेजारी. हळूहळू कोट भरला, त्याचं दार राहिलं.

पण तो गेला की दुसरा कोणी येतो. "हा कोणी तिरका केला?" म्हणत मला आडवा पाडतो.

मित्रांनो, वजन उचलताना एकटे राहू नका. आणि जाताना माझी पाठ तेवढी उचलून जा. मला दार बघायचं आहे.