हवा काढ, पण कुठली?

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, आज माझं डोकं फार तापलं आहे. इंजिन मात्र गार पडलं होतं, आणि डोकं तापायचं कारणही तेच.

तरुणपणी मी मालाचा ट्रक होतो. भिवंडीतून कापडाच्या गाठी वाहायचो. हमाल माझ्या फळीवर थाप मारून "वाघ हाय वाघ!" म्हणायचे. पुढे नव्या गाड्या आल्या आणि हा वाघ वळ गावातल्या एका गोदामामागे गवतात गंजत पडला. मग कुणीतरी माझ्या पाठीवर टाकी बसवली. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पडघ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावर पाणी नेतो. थाप कुणी मारत नाही, पण वाट सगळे बघतात.

माझा डिझेलचा काटा कित्येक वर्षं 'अर्ध्या'वर अडकला आहे. टाकी भरलेली असो वा रिकामी, तो आपला अर्धा. माझा ड्रायव्हर केसरीनाथ त्याच्याकडे बघतही नाही. निघण्याआधी टाकीत बांबूची काठी बुडवतो, कुठवर ओली झाली ते पाहतो आणि मगच चावी फिरवतो. आज त्याला ताप आला, म्हणून त्याने भाचा भूपेशला पाठवलं. भूपेश ठाण्यात पेट्रोलची टॅक्सी चालवतो. काठी बघून तो हसला.

"मामा पण ना! काटा अर्धी टाकी दाखवतोय की."

मी किती धडधडलो! पण माझी धडधड कोण ऐकतो?

पाड्याच्या शेवटच्या चढावर मी आचके देत थांबलो. पाठीवर हजारो लिटर पाणी आणि डिझेलच्या टाकीत थेंब नाही! भूपेशने चाकामागे दगड लावला, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून पडघ्याहून कॅनभर डिझेल आणलं, ओतलं आणि स्टार्टर मारला. मी उठलो नाही. पुन्हा मारला. पुन्हा. माझी बॅटरी रडकुंडीला आली.

मित्रांनो, डिझेल संपलं की रिकाम्या नळ्यांत हवा शिरते. द्रव दाबला तर पुढे सरकतो. हवा मात्र दाबली की नुसती आकसते. पंप बिचारा हवाच दाबत बसतो आणि इंजिनात डिझेल पोचतच नाही. ती हवा आधी बाहेर काढावी लागते. हे मला कळतं, पण बोलता येत नाही, हीच तर पंचाईत.

तोवर पाड्यावरची माणसं हंडे घेऊन खाली आली. "इथंच नळ सोड," एक जण म्हणाला.

"सोडू नको!" पाड्यावरची सोनी आडवी आली. "इथं सोडलं तं ज्याच्या पायात जोर, त्यालाच पानी. धाकल्याबाबानं काय करायचं? पानी हिरीतच पडाय पायजे."

म्हातारा धाकल्याबाबा काठी टेकून वर विहिरीपाशीच बसला होता. कळशी घेऊन हा चढ उतरणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

भूपेशने मामाला फोन लावला. "मामा, डिझेल टाकलं, तरी उठत नाय."

"हवा घेतली आसल त्यानं. हवा काढ आदी..." आणि फोन कट.

भूपेशने माझ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. मग तो मागच्या चाकापाशी बसला आणि... फुस्स!

अरे देवा!

"ह्ये काय करतंस?" सोनीने विचारलं.

"मामा बोलला हवा काढ. उन्हानं टायर फुगलं असेल."

"टायर फुगलं म्हनून विंजन बंद पडतं व्हय रं?"

भूपेश एका खडकावर चढला, तेव्हा पुन्हा रेंज मिळाली. मामाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"टायरची न्हाय रं गाढवा! डिझेलच्या नळीतली! फिल्टरवरचा स्क्रू ढिला कर, बाजूचा हातपंप मार!"

सोनी पोट धरून हसली. "आदी तुजीच हवा काढाय पायजे!"

भूपेशचे कान लाल झाले. तो स्क्रू फिरवून पंप मारू लागला. फसफस फेस आला. त्याने लगेच चावीकडे हात नेला, पण चावी सोनीने काढून पदराला बांधली होती.

"थांब. आमच्या पान्याच्या नळीत हवा आसली तं पानी असंच गुरगुरतं. बुडबुडा हाय तवर चावी न्हाय."

बॅटरीत एकाच प्रयत्नापुरता जीव उरला होता. त्या बाईला मी मनोमन हात जोडले. भूपेश घाम पुसत पंप मारत राहिला. बुडबुडे विरळ झाले, थांबले. डिझेलची अखंड धार लागली. स्क्रू घट्ट बसला आणि सोनीने चावी दिली.

मी खोकलो, थरथरलो, काळा धूर सोडला आणि उठलो!

बसक्या टायरने लंगडत मी विहिरीपाशी पोचलो. पाणी धो धो विहिरीत पडलं. धाकल्याबाबाने पोहऱ्याने कळशी भरून घेतली आणि विचारलं, "उशीर का रं झाला?"

"हवा काढत होतो, बाबा," भूपेश म्हणाला.

"कुनाची, त्ये नको सांगू," सोनी म्हणाली.

भूपेश हसला. मग त्याने बांबूची काठी काढली, माझ्या डिझेलच्या टाकीत बुडवली आणि ओली खूण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना फुलांचे हार नकोत. माझा काटा दुरुस्त करा. तेवढंही जमत नसेल, तर निघण्याआधी ती काठी तरी बुडवा. आणि कृपा करून माझ्या टायरांना हात लावू नका!