गोल बिल्ला

दूधकाकूंचं तोंड म्हणजे तोफखाना. वर्षातून एकदा गोठ्याचा परवाना नवा करायची वेळ आली की तो धडाधड सुटायचा.

"दर गाईमागे फी घ्या, वर रक्तही घ्या! आता शेपट्या तेवढ्या राहिल्यात, त्याही न्या!"

समोर बिल्लेबाई शांत. ही पशुखात्याची तरुण तपासनीस. गाईंच्या कानात नंबरचे बिल्ले मारायची, म्हणून हे नाव. ती दरवर्षी तेच सांगायची, "काकू, त्याच फीतून या तपासण्या होतात, लशी येतात." काकूंना ते कधी पटलं नाही. पण पोरीचा हात असा हलका की सुई टोचली तरी गाय रवंथ थांबवत नाही, हे त्यांनी मनोमन कबूल केलं होतं. तोंडावर कशाला सांगायचं!

त्या सकाळी मात्र बिल्लेबाई आली ती मोठी गाडी आणि हातात कागद घेऊन.

"काकू, 8061 च्या रक्तात गाभ पाडणारा रोग निघालाय. कच्च्या दुधातून माणसालाही लागतो. गाय न्यावी लागेल. तोवर परवाना बंद."

8061 म्हणजे कबरी. नवरा गेल्यावर जिच्या दुधावर काकूंनी घर उभं ठेवलं, ती. तोफखाना गारच पडला. काकूंनी कबरीच्या गळ्यात हात टाकला. "बाई, माझी कबरी धडधाकट आहे हो. पुन्हा एकदा बघा ना."

नेण्याआधी नंबर पडताळायचा नियमच होता. बिल्लेबाईनं कबरीचा कान धरला आणि शेण पुसायला बिल्ला अंगठ्यानं चोळला, तर तो खिळ्यावर गर्रकन फिरला. गोलच तो, त्याला वर काय नि खाली काय! 8061 उलटा झाला आणि त्या जागी चक्क 1908 दिसायला लागलं.

बिल्लेबाई बघतच राहिली. मग तिनं रक्ताच्या नळ्यांची यादी काढली. बोट वरून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"यादीत 8061 दोनदा आहे," ती म्हणाली. "1908 नाहीच. एका नळीवर मी नंबर उलटा लिहिलाय."

"मग ती 1908 कुणाची?" काकूंनी घाईनं विचारलं.

तिनं कागदाची घडी घातली. "आमची. माझ्या आईची."

अगं बाई! काकूंच्या जिवात जीव आला. गोठ्यात काकू आणि बिल्लेबाई दोघीच होत्या. कबरीचं रक्त पुन्हा तपासून तिला गुपचूप सोडून दिलं असतं, तर 1908 चं नाव कोण काढणार होतं? पण ती पोर गव्हाणीवर कागद ठेवून तिथंच लिहायला लागली. चूक माझी, अमुक तारखेची, आणि खाली स्वतःची ठसठशीत सही.

"दोन्ही गाईंचं रक्त पुन्हा पाठवते," ती म्हणाली. "आणि आईचंही. ती धारोष्ण दूध पिते."

आठवड्यानं निकाल आला. कबरी सुटली. 1908 ला न्यायला दुसरं कुणीही गेलं असतं, पण बिल्लेबाई स्वतः गेली, स्वतःच्या हातानं दावं सोडून गाय गाडीत चढवली. काकू गल्लीभर सांगत सुटल्या, "काय काळजाची पोर आहे! असली माणसं खात्यात असतील तर फी दुप्पट घ्या म्हणावं!" शेवटचं वाक्य त्या जरा हळू म्हणायच्या.

तरी मनाला रुखरुख होतीच. अखेर कबरीचं दूध चांगलं उकळून, किटलीत भरून, त्या बिल्लेबाईच्या आईकडे गेल्या. म्हातारी रिकामा गोठा झाडत होती. खिडकीत गोळ्यांची पाकिटं होती. तिच्याही रक्तात रोग निघाला होता, पण वेळेवर.

"तुमच्या लेकीनं माझी गाय वाचवली हो," काकू म्हणाल्या.

"माझी नेली," म्हातारी म्हणाली. तिनं झाडू टेकवला आणि किटली घेतली. "लहानपणी सहाचा नऊ काढायची, नवाचा सहा. हातावर छड्या दिल्यात मी तिला. म्हटलं, या कार्टीला आकडा कधी नीट यायचा?"

"मग?"

म्हातारीनं डोळे पुसले.

"आला बाई. शेवटी आला."