कोलमनने आईला घेतलेला टीव्ही

“तो वरचा नको. खालचा दे, कोपऱ्यातला,” कोलमन टार्पी म्हणाला.

“अरे, तो कुणी नेत नाही,” दुकानदार डर्कन हसला. “आईसाठी ना? मग जरा बरा बघ. याचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेली माशी.”

“आई काय, बातम्या बघणार आणि रविवारचा चर्चमधला मिस्सा. पुरे आहे तेवढ्याला.”

स्विनफर्ड गावातल्या त्या अरुंद रस्त्यावर कोलमनने पशुखाद्याचा ट्रक कसाबसा लावला होता आणि मागून कुणीतरी भोंग्यावर भोंगे वाजवत होतं. ऑक्टोबर संपता संपता साऱ्या आयर्लंडमधलं जुनं प्रक्षेपण बंद होणार होतं. मग जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. स्वतःच्या घरी त्याने उन्हाळ्यातच भिंतभर टीव्ही आणून लावला होता. आईचं मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं होतं.

खोक्याला दोरी आवळता आवळता डर्कन म्हणाला, “एक लक्षात ठेव. या नव्या प्रक्षेपणात टीव्ही रेडिओच्या जरासा मागे चालतो. म्हातारी माणसं गोंधळतात. मी येऊन समजावून सांगू का तिला? रविवारी तिकडे येतोच आहे.”

“नको रे, मी सांगतो की.”

त्याने सांगितलं नाही. विसरला, असंही म्हणता येणार नाही. ते ऐकतानाच त्याचं लक्ष बाहेरच्या भोंग्याकडे होतं. आईच्या घरी त्याने टीव्ही टेबलावर ठेवला, तारा जोडल्या आणि जुनं धूड ट्रकमध्ये टाकलं. आई, अट्रॅक्टा टार्पी, हात पुसत दारात उभी होती.

“याच्याबद्दल मला काही माहिती हवी का?”

“हे बटण दाबलं की लागतो, परत दाबलं की बंद. झालं.”

“चहा तरी घे.”

“रविवारी येतो ना, आई.”

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बटाटे वाढता वाढता ती मध्येच थांबली. “कोलमन, मला एक सांगायचंय. हसू नकोस.”

“बोल ना.”

“सहाच्या प्रार्थनेची घंटा मला दोनदा ऐकू येते. एकदा वाजते, मी क्रुसाची खूण करते, आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि परवाच्या मॅचला चेंडू जाळ्यात जायच्या आधीच मी ‘गोल!’ म्हणून ओरडले. शेजारची नोरीन जवळ बसली होती. ती बघतच राहिली माझ्याकडे.”

कोलमनचा फोन टेबलावर थरथरत होता. “दमली असशील,” तो म्हणाला आणि फोन उचलून अंगणात गेला.

घरी परतल्यावर त्याने बायकोला, इमेल्डाला, सांगितलं, “आईचं सुरू झालं बहुतेक. फिलोमिनामावशीसारखं.”

मावशीची अखेर सगळ्यांनीच पाहिली होती. पडद्यांशी बोलायची, मुलांना ओळखेनाशी झाली होती आणि शेवटी दोघांनी धरून तिला गाडीत घातलं होतं. त्या गाडीमागून अट्रॅक्टा फाटकापर्यंत चालत गेली होती. म्हणूनच पंधरा दिवसांनी तिने स्वतःच विषय काढला.

“मी वृद्धाश्रमात नाव सांगून आले. आधी महिनाभर राहून बघते.”

“इतकी घाई कशाला, आई?”

“शुद्धीत आहे तोवर स्वतःच्या पायांनी जाते. मला कुणी धरून नेलेलं नकोय.”

कोलमनने मान खाली घातली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण आतून वाटलं ते वेगळंच. आता दर रविवारी ट्रक वळवून इकडे यायला नको, हिवाळ्यात ती घसरून पडेल म्हणून जीव टांगणीला नको. कोंबड्या नोरीनकडे गेल्या. चूल थंड झाली. आईने एकच बॅग भरली आणि कुणालाही ती उचलू दिली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने लोकरी जाकीट मागवलं म्हणून तो त्या घरी गेला. ओसाड घरात त्याला कसंतरी झालं. सोबत म्हणून त्याने स्वयंपाकघरातला रेडिओ लावला, मग बाहेरच्या खोलीतला टीव्ही. मधलं दार उघडंच होतं. आई वर्षानुवर्षं असंच करायची. रेडिओ आणि जुना टीव्ही सहाच्या प्रार्थनेची घंटा एकदमच वाजवायचे, तो तिला एकच आवाज वाटायचा.

सहा वाजले. स्वयंपाकघरातून घंटा वाजली. कोलमन आईच्या झोपायच्या खोलीत कपाटात हात घालून उभा होता. आणि मग, जराशाने, बाहेरच्या खोलीतून तीच घंटा पुन्हा वाजली. डब्यात कोंडलेल्या माशीच्या आवाजात.

तो पलंगाच्या कडेवर बसला. दोन्ही घंटा एकामागोमाग एक संपेपर्यंत बसून राहिला.

रात्री जेवताना त्याने इमेल्डाला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

“देवा रे! म्हणजे तिला काहीच झालेलं नाही?”

“काही नाही.”

“पण तिथं ती बरी आहे, कोलमन. खोली उबदार आहे, ताटात जेवण येतं. आणि एकटी म्हातारी बाई त्या घरात... तुलाही ठाऊक आहे. कशाला उकरून काढतोस?”

इमेल्डा दुष्ट नव्हती. ती जे बोलली ते त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि हेच त्याला सहन होत नव्हतं. तरीही तो गप्प राहिला. आठवडाभर. जाकीट द्यायला गेला तेव्हाही गप्पच. आई खिडकीशी बसून बोटांवर नातवंडांची नावं म्हणत होती. त्याला पाहून ती ओशाळली.

“सराव करतेय. विसरायला नको.”

तो ट्रकपर्यंत आला, दार उघडलं, आणि तसाच मागे फिरला.

“आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे.” त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टीव्ही मागे चालतो, रेडिओ पुढे. डर्कन समजावून सांगायला येणार होता, मी नको म्हटलं. मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. तू विचारलंस, तेव्हाही नाही.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विणकाम थांबवलं.

“हे तुला कधी कळलं?” आईने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. “गेल्या आठवड्यात.”

“आणि आज सांगतोयस.”

“हो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी दूध सांडलं की बघायची तशी नव्हे. कुणी अनोळखी माणूस दारात उभा असावा, तशी. मग म्हणाली, “बाहेर थांब. मला सामान भरायचंय.”

“मी भरतो ना.”

“बाहेर थांब.”

जाण्यापूर्वी ती प्रत्येक टेबलाशी थांबली. “माझं काही बिघडलेलं नव्हतं बरं का. टीव्हीचा घोळ होता,” असं प्रत्येकीला स्वच्छ, ठाम आवाजात सांगत सुटली. मुलाचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. ट्रकची उंच पायरी ती दांडा धरून स्वतः चढली.

घरी पोचल्यावर कोलमन म्हणाला, “चूल पेटवून देतो, मग जातो.”

“तू जा. इमेल्डा वाट बघत असेल.”

“आई...”

“रागावले नाही रे. जा तू.”

दार लागलं. तो ट्रकमध्ये जाऊन बसला, पण किल्ली फिरवली नाही. थोड्या वेळाने आई मागच्या दाराने बाहेर आली. डोक्याला रुमाल, हातात बादली. शेडमध्ये वाकून ती चुलीसाठी पीटच्या, जळणाच्या मातीच्या, विटा भरू लागली. बादली भरली. ती उचलणार तोच कोलमनने ट्रकचं दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला.

तिने बादली जमिनीवर ठेवली आणि ताठ उभी राहिली. हाक नाही, हाताची खूण नाही. तो परत आत जायची वाट बघत नुसती थांबली.

कोलमनने पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. मग तिने बादली उचलली आणि मध्ये एकदा दम खात ती घरात घेऊन गेली.