न वाचलेली यादी

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी शिरले की लोक मोबाइल खिशात टाकतात. माझ्यामागे मला 'जप्ती' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. इंटरनेटवर चोरून टाकलेले पिक्चर आणि गाणी शोधायची, नोटीस पाठवायची आणि ती उतरवायला लावायची, हे माझं काम. बारा वर्षं मी ते केलं आणि त्याची मला लाज नाही. पिक्चर आज थिएटरला लागतो, उद्या दुपारी तो फुकट्यांच्या फोनवर असतो. तीनशे माणसांनी दोन वर्षं खपून बनवलेली वस्तू लोक जेवता जेवता फुकट बघतात आणि वर म्हणतात, काही खास नव्हता हो.

समोरच्या फ्लॅटमधल्या मास्तरीणबाईंशी माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, एक पिक्चर इथे, दुसरा तिथे. पाच ठिकाणी दर महिन्याला पैसे भरायचे, आणि भरूनही अर्धा बघून झाला की गायब होतो. माणसानं करायचं काय?"

"परवडत नसेल तर बघू नका," मी म्हटलं. "पिक्चर म्हणजे काही औषध नाही, घेतलं नाही म्हणून जीव जायला."

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. घरातही माझा हाच खाक्या. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. तिच्या कुण्या मैत्रिणीनं पाठवलेल्या लिंकवर ती एकदा मालिका बघत बसली होती. मी टॅब हातातून काढून घेतला आणि अर्धा तास तिला धारेवर धरलं. या घरात चोरीचं काही लागणार नाही, असं ठणकावून सांगितलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. "बरं बाई," एवढंच म्हणाली. विषय संपला असं मी धरून चालले.

मग ती यादी आली. एक जुनी स्टुडिओ कंपनी बुडाली, तिच्या सगळ्या पिक्चरांचे हक्क आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटनं घाऊक विकत घेतले, आणि ते पिक्चर जिथे जिथे चोरून टाकलेले असतील तिथून उतरवायचं काम आमच्याकडे दिलं. चारशे सदतीस लिंका. शोधायचं काम कॉम्प्युटर करतो, पण कॉम्प्युटरला सही करता येत नाही. नोटिशीखाली एका जिवंत माणसाचं नाव लागतं आणि त्याच्यावर एक वाक्य असतं: 'यादीतील प्रत्येक लिंक मी स्वतः उघडून तपासली आहे, असे प्रतिज्ञेवर सांगते.' आमच्या विभागात ते नाव माझं.

साहेब दोन वाजता टेबलापाशी आले. "पाचच्या आत गेल्या पाहिजेत सगळ्या. क्लायंट डोक्यावर बसलाय."

तीन तासांत चारशे सदतीस. यादीच्या अगदी वर एक चौकोन असतो. त्यात खूण केली की खालच्या सगळ्या चौकोनांत आपोआप होते. मी खूण केली. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. यादीतलं एकही नाव मी वाचलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर टॅब. मला बघून तिनं तो लपवला नाही, उलट माझ्याकडे सरकवला. पडद्यावर करडं पान आणि त्यावर तीन ओळी: तीन तक्रारी आल्यामुळे हे खातं बंद करण्यात आलं आहे. तक्रार करणारी संस्था अमुक. सही करणारी व्यक्ती अमुक.

"हे तुझंच नाव ना?" आईनं विचारलं.

"तू पुन्हा चोरीच्या लिंका..." मी सुरू झाले.

"ताई होती त्यात," आई म्हणाली.

माझी बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. अकरा वर्षांची असताना तिनं एका पिक्चरमध्ये चार मिनिटांचं काम केलं होतं. शेजारची मुलगी छत्री मागायला येते आणि घरात चिखलाचे बूट घालून फिरणाऱ्या हिरोला चांगलं फैलावर घेते, एवढाच तो प्रसंग. पिक्चर आठवडाभर चालला आणि पडला. ताई पंधरा वर्षांची असताना तापानं गेली. तिचे फोटो आहेत, वह्या आहेत, शाळेचा एक फ्रॉक आहे. आवाज मात्र कशातही नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. तिचा चेहरा मला फोटोतून आठवतो, आवाज आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही.

आईच्या मैत्रिणीला तो पिक्चर वर्षापूर्वी कुठेतरी सापडला होता. मी ऑफिसला गेले की दुपारी आई तो लावायची. पूर्ण नाही, तेवढी चारच मिनिटं. मग टॅब बंद करून जागच्या जागी ठेवायची.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू नोटीस पाठवली असतीस."

मला राग आला तो आधी आईचाच, हे कबूल करते. मी एवढी राक्षसीण आहे का? मग आठवलं की या बाईनं स्वतःच्या मुलीला बघण्यासाठी दुसरी मुलगी घराबाहेर पडायची वाट पाहिली, रोज, वर्षभर. 

मी ठरवलं, सरळ मार्गानं विकत घ्यायचा. लोकांना तेच तर सांगत आले होते. सकाळी क्लायंटच्या ऑफिसात फोन लावला. एक गोड आवाजाची बाई होती.

"तो पिक्चर विक्रीला नाही, मॅडम."

"भाड्यानं?"

"नाही. त्याला मागणी नाही."

"मी मागतेय ना! ही मागणी नाही तर काय आहे? किंमत सांगा, मी देते."

"किंमत कशी सांगणार, मॅडम? खरं सांगू का, आमच्याकडे तो पिक्चरच नाही. गोदामात पाणी शिरलं होतं, रिळं कुजली. आमच्याकडे फक्त हक्क आहेत."

मी फोन ठेवला. पिक्चर नाही आणि हक्क आहेत! जी वस्तू यांच्याजवळ नाही, जी हे विकणार नाहीत, जी बघायची यांना कधी इच्छाही झाली नाही, ती दुसऱ्या कुणी बघू नये एवढ्यासाठी यांनी पैसे मोजले, वकील लावले आणि मला कामाला लावलं. आणि मी लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खातं ज्याचं होतं त्यानं चोरासारखं काहीच केलं नव्हतं. स्वतःचं नाव, फोन, पत्ता, सगळं खरं लिहिलं होतं. मी फोन करून गेले. दार उघडणारे काका पंचाहत्तरीचे असतील. पूर्वी त्यांची व्हिडिओ कॅसेटींची लायब्ररी होती. खोलीत भिंतभर लोखंडी रॅक होते आणि एकाही रॅकवर काही नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांनी, आणि बरोबरच केलं.

"सहाशे बारा पिक्चर होते," ते म्हणाले. "एकही नवा नाही. आधी शोधायचो, पैसे देऊन कुठे मिळतो का. मिळाला तर मी टाकायचो नाही. तुम्ही उघडून बघितलं असतं तर वर लिहिलेलंच होतं. पण तुम्ही कशाला बघाल?"

"तुमच्याकडे कॅसेटी असतीलच ना? मला एकच हवाय. त्याची कॉपी..."

"बुरशी खाऊन गेली सगळ्यांना. एकेक कॅसेट शेवटची चालवली, तिथे चढवली आणि फेकून दिली. सून म्हणाली, हे घर आहे की भंगाराचं दुकान. जे काय होतं ते तिथंच होतं, आणि तिथं तुम्ही कुलूप घातलंत." त्यांनी फोन काढून साइटवरून आलेलं पत्र दाखवलं. तक्रार करणाऱ्यानं चौदा दिवसांत तक्रार मागे घेतली नाही तर खात्यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल. त्यातले तीन दिवस संपले होते.

मी त्या प्रसंगाचं सांगितलं. छत्री मागायला येणारी मुलगी.

"ती? बूट काढा म्हणणारी?" काकांचा चेहरा जरा उजळला. "फार गोड पोरगी. कोण ती?"

"माझी बहीण. आता नाही ती."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मला वाटलं, आता पाणी विचारतील. ते म्हणाले, "मग तर तुम्हाला जास्त लाज वाटायला पाहिजे."

नोटीस मागे घ्यायचा एक फॉर्म असतो. ज्यानं सही केली त्यालाच तो भरता येतो. बारा वर्षांत मी तो कधी उघडला नव्हता. त्यात कारण द्यावं लागतं: हक्क आमचे नव्हते, मालकानं परवानगी दिली, लिंक चुकीची होती. त्याखाली 'इतर', आणि थोडी मोकळी जागा. मी मोकळ्या जागेत लिहिलं, 'मी यादी न तपासता सही केली.' साहेब नेमके मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाचलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? सगळ्या यादीला एकच प्रतिज्ञा आहे. हे पाठवलंत तर तीन नाही, चारशे सदतीसच्या चारशे सदतीस नोटिसा पडतील. क्लायंट आपल्याला उभं करणार नाही."

"माहितीये."

"त्यात खरे चोरही आहेत. जुने पिक्चर टाकून जाहिरातींवर गब्बर झालेले. तुम्हीच ओरडत असता ना त्यांच्या नावानं?"

ते मला लागलं. कारण ते खरं होतं. त्यातल्या काहींच्या मागे मी वर्षानुवर्षं हात धुऊन लागले होते, आणि आता मीच त्यांना मोकळं सोडणार होते.

साहेबांनी आवाज खाली आणला. "असं करा. त्या म्हाताऱ्याच्या तीन नोटिसांपुरतं 'लिंक चुकीची होती' लिहा. मी काही बघितलं नाही. आईंचं काम होईल, आपलंही निभावेल. मी काही दगड नाही हो."

माणूस वाईट नव्हता. माझ्या आईसाठी त्यानं खोटं बोलायची परवानगी दिली होती. पण मला तिथेच उलट जास्त चीड आली. म्हणजे आणखी एक खोटी सही करायची, या वेळी घरच्यांसाठी. आणि बाकीच्या चारशे चौतीसांत कुणाची ताई असेल, कुणाचा बाप असेल, ते तसंच कुलपात राहू द्यायचं, कारण त्यांच्या घरातली बाई या ऑफिसात कामाला नाही.

"लिंक बरोबर होती, साहेब," मी म्हटलं. "मी ती बघितली नव्हती. एकही बघितली नव्हती. बारा वर्षं मी लोकांना चोर म्हणत फिरतेय. प्रतिज्ञेवर खोटं बोलले ती मी. तुम्हाला पाहिजे तर त्या खऱ्या चोरांची यादी मी परत करून देईन, एकेक लिंक उघडून. महिना लागेल."

"तुमच्याकडे महिना नाही," साहेब म्हणाले. "हे गेलं तर उद्यापासून यायचं नाही."

मी पाठवून दिलं. मग माझा कप, चष्म्याची डबी आणि टेबलाखालच्या चपला पिशवीत भरल्या. कुणी वर मान करून बघितलं नाही. सगळे आपापल्या यादीत डोकं खुपसून बसले होते.

खातं सहाव्या दिवशी उघडलं. त्या सहा दिवसांत मी घरीच होते आणि आई माझ्याशी जेवणापुरतं बोलत होती. नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा "हं" म्हणाली. दुपारी मी पान उघडून बघितलं, पिक्चर जागेवर होता. मी तो लावला नाही. टॅब आईला नेऊन दिला.

"आला?" तिनं विचारलं.

"आला."

मला वाटलं, बस म्हणेल. दोघी मिळून बघू म्हणेल. मी खुर्ची पुढे ओढलीसुद्धा होती. आई टॅब घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला.

मला राग आला, रडूही आलं. नोकरी घालवली मी, आणि मलाच दार! पण ते दार मीच शिकवलं होतं तिला. मग आतून एक आवाज आला. बारीक, ठसक्यातला, आणि नाक चोंदलेला. ताईला त्या दिवशी सर्दी झाली होती, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. 'बूट काढा आधी' म्हणत होती ती कुणाला तरी, आणि मी चपला पायात घालून दाराबाहेर उभी होते. पुढचं नीट ऐकू येईना. मी दाराला कान लावला.

थोड्या वेळानं आईनं आतून आवाज मोठा केला. माझ्यासाठी केला की तिलाच ऐकू येत नव्हतं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.