अडकलेली हवा

मेकॅनिकच्या हातून एकही कॉफी मशीन दुरुस्त झाल्याशिवाय राहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. आज मात्र भर दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात त्याची बोलती बंद व्हायची होती.

मशीन काकांचं. काकांना जाऊन चार महिने झाले होते. उद्या लेक येऊन ते आपल्या घरी नेणार होती, म्हणून काकूंनी काल चालू करून पाहिलं, तर काटा प्रेशर पुरेपूर दाखवत होता आणि कॉफी मात्र कोमट येत होती.

मेकॅनिकने झाकण काढून बॉयलरला थर्मामीटरची तार चिकटवली. काटा एक बारवर आणि तापमान जेमतेम नव्वद. एवढ्या प्रेशरला वाफ एकशेवीस अंशांवर हवी.

"सोपं आहे, काकू. आत हवा अडकलीय. काटा बिचारा हवेलाच वाफ समजतो. वाफेचा नळ उघडून ती सोडली, की झालं काम."

"कसली हवा?"

"साधीच. तुम्ही-आम्ही घेतो ती."

त्याने नळ उघडला. दूध फेसाळायच्या नळीतून एक संथ, कोमट झोत आला, थांबला, पुन्हा आला. मग नळी खोकली. दोनदा बारीक, आणि तिसऱ्यांदा घसा साफ केल्यासारखी.

काकांचा हा खोकला मेकॅनिकने सहा वर्षं दर सर्व्हिसिंगला पाठीमागून ऐकला होता. त्याने झटकन नळ बंद करून प्लग उपटला. काटा अर्ध्यावर उतरला होता.

"त्या दिवशी नळीत दूध वाळलं होतं," काकू हळूच म्हणाल्या. "यांनी तोंड लावून फुंकर मारली."

त्यावरून त्याने काकांना कितीदा झापलं होतं! काका, ती बासरी नाही, म्हणून सांगायचा. काका हसायचे आणि पुन्हा तेच करायचे.

"नळ बंद केला, या खुर्चीत बसले, आणि गेले. तेव्हापासून तो नळ मी उघडला नाही."

"गार झालं की काटा शून्यावर येईल," मेकॅनिक म्हणाला. हे तो स्वतःलाच सांगत होता, कारण त्याची चांगलीच तंतरली होती.

दोघं तासभर बसून राहिले. बॉयलर हाताला थंडगार लागू लागला. काटा अर्ध्यावरच होता, आणि झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा किंचित वर-खाली होत होता.

"उरलेली सोडली, तर मशीन चालेल?" काकूंनी विचारलं.

"नव्यासारखं." हे खरंच होतं, पण त्याचा हात काही नळाकडे जाईना.

काकूंनी कागद-पेन आणून त्याच्यापुढे ठेवलं.

"एका चिठ्ठीवर लिहून दे, दुरुस्त होत नाही म्हणून. लेक माझं ऐकायची नाही. तुझं ऐकेल."

त्याने लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच असल्या वाक्याखाली सही केली. काकूंनी नळ घट्ट आहे ना ते दोनदा पाहिलं, नळी पुसली आणि काकांच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची ओढून घेतली.

"पण काकू, कॉफीचं काय?"

"मला कुठे आवडते कॉफी," काकू म्हणाल्या.