तय्यबचा बंब

"बाजूला हो म्हटलं ना! कचरा डोळ्यात जाईल," तय्यब छपरावरून ओरडला.

रुकय्या हलली नाही. कपाळावर हात धरून ती वर बघत राहिली. खजुरीच्या झावळ्यांच्या छपराला तिच्या नवऱ्याने कोयत्याने भोक पाडायला घेतले होते आणि मघापासून ते वाढतच चालले होते.

"पाइप केवढा आणि भोक केवढं! पाऊस आला म्हणजे?"

"अल ऐनच्या वाळवंटात पाऊस? अगं, तापलेला पाइप झावळीला टेकला तर अख्खं घर जाईल. मधे पत्रा घालायचाय, पत्र्याभोवती चिखल."

खोलीत कोपऱ्यात विटांवर आडवे ठेवलेले डिझेलचे पिंप होते. तय्यबने ते आधी अंगणात दोन-तीनदा रिकामेच जाळून काढले होते, आतले तेल आणि रंग पार जाईपर्यंत. मग तोंडाला लोखंडी झडप बसवली, तळाला रेती पसरली आणि मागच्या बाजूने पाइप काढला. रुकय्याने त्या अवजड वस्तूला पहिल्याच दिवशी नाव दिले, बंब. पाणी तापत नव्हते त्यात, पण दुसरा शब्द तिला सुचला नाही.

हे सगळे चालले होते मुनीरसाठी. मुनीर त्यांच्या मुलीचा, शहनाझचा मुलगा. दिवस भरायच्या आधीच जन्मलेला. रुकय्या ज्या इस्पितळात आया होती तिथेच तो झाला आणि थोडे वजन धरल्यावर घरी आला. शहनाझचा नवरा जहाजावर होता, त्याला मुलगा झाल्याचे अजून कळलेही नसेल. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, बाळाला गारठा लागता कामा नये. पण जानेवारीत इथल्या मातीच्या भिंती थंडी धरून ठेवत. शेजारच्या घरांतून लोक निखाऱ्यांची शेगडी आत घेत आणि दार लावून घेत. शहनाझनेही तेच सुचवले होते.

"शेगडी या घरात येणार नाही," तय्यब म्हणाला होता. पुढे एक अक्षर नाही.

पुढचे रुकय्याला ठाऊक होते. लग्नानंतर काही वर्षांनी तय्यब दुबईला खाडीजवळच्या एका खोलीत राहायचा, कोकणातल्या आपल्याच गावच्या, हर्णैच्या यूनुसबरोबर. दोघे तरुणपणी कोळशाच्या बोटींवर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा आत लोटायचे. एका थंडीत तय्यब लाँचबरोबर बाहेर गेला असताना यूनुसने शेगडी आत घेतली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबले आणि झोपला. सकाळी दार ढकलून आत गेला तो तय्यब. निखाऱ्यांच्या हवेने यूनुस झोपेतच गेला होता; अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. घोंगडीसुद्धा विस्कटली नव्हती.

पाइप उभा राहिला तेव्हा तय्यबने शहनाझला बंबासमोर बसवले.

"हे बघ बाय, लाकूड सुकंच घालायचं. ओल्यानं काजळी धरते. खोक्याच्या रंगवलेल्या फळ्या अजिबात नकोत. राख या डब्यात, आणि डबा बाहेर. लंगोट वाळत घालायचे ते पलीकडच्या भिंतीला. आणि भिंतीच्या तळाची ही वीट मी काढलीय ना, ती हवेसाठी. ते भोक बुजवायचं नाही."

"आणि श्वास घेऊ ना, अब्बा?"

"मस्करी नको."

"मस्करी कुठे? विचारतेय."

संध्याकाळी त्याने आग पेटवली. समर या इथल्या बाभळीची जड लाकडे, आधी बारीक फाटे, मग जाड. पाइप टकटक वाजत तापला. धूर खोलीत आला नाही; वर गेला. रुकय्याने मुनीरचे पाऊल मुठीत धरले. मग तिने तय्यबचा हात ओढून त्याच्या मुठीत ते पाऊल दिले. पाऊल उबदार होते.

एवढ्यावर माणूस निवांत झाला असता. तय्यब झाला नाही.

तो एका खजुरीच्या बागेत पंप चालवायचा. विहिरीचे पाणी डिझेलच्या इंजिनाने ओढून पाटात सोडायचे, इंजिनाला तेलपाणी द्यायचे, पट्टा घसरला तर चढवायचा. आता इंजिन लावून झाले की तो बागेच्या कडेला येई. तिथून घरांच्या ओळीवर त्याचा पाइप दिसे. धूर दिसला की वाटे, फार निघतोय. दिसला नाही की वाटे, का निघत नाही? मग सायकल काढून घरी. पाइपला हात लाव, झडप उघडून बघ, भिंतीतले भोक चाचप, परत.

"अब्बा, तुम्ही आत्ताच तर येऊन गेलात."

"पान्हा राहिला होता."

"पान्हा तुमच्या खिशात आहे."

तो नसताना एकदा पाट फुटला आणि पाणी भलतीकडेच वाहून गेले. बागेचा मालक भला माणूस, पण त्यानेही हात झटकले. "तय्यब, तुझं मन इथे नाही. असं असेल तर खलास, घरीच बस." तय्यबने मान खाली घालून फावडे उचलले.

त्यानंतर तो बागेतच थांबू लागला. थांबायचा म्हणजे पाय तिथे असायचे. दर थोड्या वेळाने मान वळायची.

अशाच एका दुपारी वारा सुटला. रेती उडाली, खजुरी एका अंगाला झुकल्या. तय्यब कडेला आला. पाइपाच्या तोंडातून धूर निघत होता आणि वारा तो जागच्या जागी दाबत होता. मग निघायचाच बंद झाला. तय्यबने इंजिन बंद केले. सायकल त्याला आठवलीच नाही. तो पळत सुटला.

घराचे दार सताड उघडे होते. आत धुराचा उग्र वास, बंबात आगीवर रेती ओतलेली. भिंतीतल्या भोकात एक टॉवेल घट्ट कोंबलेला. खोली रिकामी.

"शहनाझ!"

ती घरामागे भिंतीच्या आडोशाला उन्हात बसली होती. मुनीर ओढणीत गुंडाळलेला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"डोकं ठणकायला लागलं," ती म्हणाली. "ओकारी येतेय असं वाटलं. याला पाजायला घेतलं तर तोंडच उघडेना. मग तुमच्या यूनुसचं ऐकलं होतं ते आठवलं. रेती टाकली आणि बाहेर आले."

"भोक कोणी बुजवलं?"

"मी. वारा थेट याच्या अंगावर येत होता, अब्बा! काय करणार होते?" तिने मुनीरला आणखी जवळ ओढले. "पण धूर काही भोकातून नाही आला. तुमच्या पाइपातून उलटा आला."

तय्यबने वर पाइपाकडे पाहिले. ते खरे होते. बॉयलरपाशी तो वर्षानुवर्षे राबला होता, पण जहाजाच्या चिमणीकडे कधी बघितलेच नव्हते. वाऱ्याने धूर परत आत लोटू नये म्हणून पाइपाच्या डोक्यावर काही लागते, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

दोघांनी मुनीरला इस्पितळात नेले. रुकय्याने नातवाला हातात घेतले आणि ती आत धावली. डॉक्टरीणबाईंनी तपासले, थोडा वेळ ठेवून घेतले. दिवे लागायच्या सुमाराला पोर भुकेने किंचाळले. रुकय्याने त्याला शहनाझच्या कुशीत दिले.

दुसऱ्या दिवशी तय्यबने तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पाइपावर टोपी बसवली. पुन्हा वारा आला, धूर आत आला नाही. भोकासमोर त्याने आडवी फळी उभी केली, हवा यावी पण पोराच्या अंगावर येऊ नये म्हणून. बंब थंडी संपेपर्यंत नीट चालला. मुनीरच्या गालावर मांस आले.

पण शहनाझने ठरवले होते. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने सांगितले.

"बोट लागली की मी मुनीरला घेऊन हर्णैला जाते."

"का? आता तर सगळं ठीक आहे," रुकय्या म्हणाली.

"ठीक आहे, अम्मा. पण इथे अब्बांचा जीव माझ्यात अडकलाय आणि माझा त्या बंबात. मला दार लावून झोपायचंय. तिथे सासू आहे, उबदार हवा आहे."

रुकय्याने नवऱ्याकडे पाहिले. तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता.

"बोटीवर वाऱ्याच्या बाजूला बसू नको," एवढेच तो म्हणाला.

मार्चमध्ये दुबईला जाणाऱ्या लॉरीत शहनाझ मुनीरला घेऊन बसली. तय्यबने सामान चढवले, गाठी दोनदा तपासल्या. लॉरी सुटल्यावर तो थेट बागेत गेला आणि दिवसभर इंजिनाजवळून हलला नाही. मालक खूश झाला.

एप्रिलमध्ये ऊन तापू लागले. एका दुपारी रुकय्या इस्पितळातून परतताना शेजारणी दारात उभ्या राहून हसत होत्या. त्यांनी वर बोट दाखवले. पाइपातून धूर निघत होता.

आत खोली भाजत होती. तय्यब बंबासमोर सदरा काढून बसला होता, पाठीवरून घामाचे ओघळ.

"अहो, उन्हाळा लागलाय."

"लाकडं उरली होती."

"मग?"

"मग काय. ठेवून काय करायचं?"

रुकय्याने पिशवी खुंटीला लावली. चपला काढल्या. पदराने मान पुसली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने तिने ढिगातले एक लाकूड उचलून त्याच्या हातात दिले.