पाऊण वाजताचं घोंगडं

नानासोंच्या अंगणातला तांब्याचा बंब गेला रविवारी. सोमवारी सकाळी दूध डेअरीत, कॅन घेऊन उभ्या पंचवीस माणसांपुढं, नानासोंनी कोंडीबाला चोर ठरवूनही टाकलं. पुरावा काय, तर मोबाईल. मोबाईलमध्ये काय, तर दुधात बुडवलेलं भूत.

"खोटं वाटत असंल तर बघा," म्हणून त्यांनी मोबाईल फिरवला. घराच्या कॅमेऱ्यातली अर्ध्या मिनिटाची क्लिप. पांढऱ्या धुरकटात एक काळा गोळा अंगणातून चालत येतो. डोक्यावरून घोंगडं, हातात काठी. दारापाशी येतो, हात वर करतो आणि सगळं चित्र पांढरं होतं. कोपऱ्यात वेळ, ००:४५.

"रातच्या पाऊण वाजता घोंगडं घेऊन कोण हिंडतंय रं? मी?" नानासो गरजले. पंचवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतलेला माणूस. आवाज अजून परेड ग्राउंडचाच.

पंचवीस मुंड्या हलल्या. एकानंही विचारलं नाही की बाबा, ह्यात तोंड कुठाय? बागायतदाराच्या घरातलं भांडं गेलं की बोट मेंढक्याकडं, ही आपल्याकडची जुनी रीत. कॅमेरा नव्हता तेव्हाही बोट तिकडंच जायचं. आता बोटाला बॅटरी मिळाली एवढंच.

कोंडीबा माण तालुक्यातला. दरसाल दिवाळी झाली की तीनशे मेंढरं घेऊन तासगावकडच्या ह्या शिवारात उतरायचा. मेंढरं एक रात्र रानात बसली की कुठल्याही पोत्यातलं खत देणार नाही असं लेंडीखत पडतं, म्हणून बारा वर्षं लोक त्याला हात धरून आपल्या रानात नेत होते. ती बारा वर्षं अर्ध्या मिनिटात निकालात निघाली.

कोंडीबाला डेअरीतच बोलावून नानासोंनी सुनावलं, "येत्या रविवारपतुर शिवार सोडायचं. ह्या गावात तुझी मेंढरं कोण बसवणार न्हाई."

"नाना, मी न्हाई," एवढंच कोंडीबा म्हणाला. दुसरं म्हणणार काय माणूस?

नानासोंची सून रेश्मा तेव्हा डेअरीत नव्हती. नवरा जयराज फौजेत, सीमेवर. मागल्या सुट्टीत कॅमेरा त्यानंच बसवलेला. रेश्मा कुपवाडला एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. लोखंडी भाग मापायचे, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचे. ह्या पोरीला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट अशी का होते, ते कळल्याशिवाय तिला घास गिळत नसे. संध्याकाळी तिनं ती क्लिप सात वेळा बघितली. चोर कोण, हा प्रश्न तिला नंतर पडला. आधी पडला तो असा, की सहा महिन्यांच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू कसा झाला?

बुधवारी तासगावहून साईराज आला, कॅमेरे बसवणारा. खालूनच मान वर करून म्हणाला, "वहिनी, रेंज कमी हाय. ह्याला इलाज न्हाई, नवीन घ्या."

"रेंज कमी असली तर चित्र अडकंल, थांबंल. हे अडकत न्हाई, धुरकट दिसतंय."

साईराजनं तिच्याकडं असं बघितलं, जसा काही खुंट्यावरच्या म्हशीनं हिशेब विचारलाय. "मग जुना झालाय," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

"सहा म्हयन्यात जुना?" रेश्मानं मागनं विचारलं. उत्तराऐवजी धूर आला.

मग तिनं स्वतःच खोदायला घेतलं. मोबाईलमधलं ॲप उघडून एकेक पान चाळलं. चित्राचा दर्जा सगळ्यात खालच्या पायरीवर होता. वरच्या पायरीवर नेला. फरक पडला, धुरकट आता जास्त स्पष्ट दिसायला लागलं. म्हणून तुलनेला तिनं दिवसाढवळ्याच्या जुन्या क्लिपा काढल्या, आणि एका क्लिपेत स्वतःलाच बघून दचकली. ती स्कूटर काढून कामाला निघाली होती. चक्क उन्हात. आणि कोपऱ्यात वेळ, ०२:३०.

"आत्या, मी रातच्या अडीचला कुठं गेलते?"

सासू राहीबाई चुलीपुढून म्हणाली, "येड्यावानी काय बोलतीस गं? तू घोरत असतीस तवा."

रेश्मा घर सोडते आठला. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ साडेपाच तास मागं! कुणी लावलंच नव्हतं ते. तिनं बोटांवर मोजलं, परत मोजलं. पाऊण वाजताचा चोर पाऊण वाजताचा नव्हताच. सव्वासहाचा होता. थंडीत तेव्हाही काळोखच असतो, पण त्या वेळी अर्धं गाव उठलेलं असतं.

आता तिला झोप कशी लागणार? तिनं त्याच्या आधीचा रविवार काढला. ००:४५ ला घोंगडं हजर. त्याच्या आधीचा, पुन्हा हजर. मोबाईलमध्ये होते ते चारही रविवार तेच घोंगडं, तीच काठी, तोच वर गेलेला हात. बंब तिथं आहे की नाही, तेवढं मात्र त्या धुरकटात दिसेना. रविवार बघून, घड्याळ लावून येणारा चोर तिनं जन्मात ऐकला नव्हता.

सासऱ्याला सांगावं, तर तो म्हणणार, बघ, चार रविवार पाळत ठिवली आन् मग नेला. तिनं मोबाईल चार्जिंगला लावला.

शनिवारी कामावरून आल्यावर ती स्टूल घेऊन चढली. कॅमेऱ्याच्या काचेवर बोट टेकवलं, आणि बोट सरकलं. दोन बोटं एकमेकांवर घासून तिनं वास घेतला. तेल! शिलाई मशीनचं असतं तसलं पातळ. त्यावर सहा महिन्यांची धूळ बसून लेप झालेला. कुपवाडच्या कारखान्यात मापाच्या यंत्राच्या काचेला असं बोट लागलं तर साहेब दिवसभर तोंड वाजवतो. अंधारात कॅमेरा स्वतःच न दिसणारा उजेड फेकतो. तो ह्या लेपावर आपटून उलटा त्याच्याच डोळ्यात शिरत होता. भूत अंगणात नव्हतं, काचेवर होतं.

पण कॅमेऱ्याला तेल लावतं कोण?

साबणाच्या पाण्याचा थेंब, मग चष्म्याचं मऊ फडकं. घड्याळही तिनं बरोबर लावलं. मोबाईलमध्ये बघितलं तर समोरच्या शेवग्याच्या शेंगा मोजून घ्याव्यात. पण जुन्या क्लिपा होत्या तशाच राहिल्या. धुरकट टिपलेलं नंतर धुऊन निघत नाही. म्हणजे उद्याची वाट बघायची. उद्याच कोंडीबा शिवार सोडणार होता.

रविवारी सहाला ती मोबाईल घेऊन चुलीपाशी बसली. ०६:१५. अंगणात घोंगडं उगवलं. हातात काठी. चाल ताठ, दर पावलाला टाच आपटणारी. जवळ आलं. आता दोन्ही बाजूंनी वळवलेल्या मिशा दिसल्या, मग मोठं नाक, मग फक्त नाकपुड्या.

"आत्या," रेश्मा हळूच म्हणाली, "चोर आला. बघा."

राहीबाईनं डोकावलं आणि तोंडाला पदर लावला.

नानासोंनी खिशातून फडकं काढलं. दर रविवारी हत्यार साफ करून तेलाचा हात फिरवायचा, ही फौजेतली सवय. रायफल सरकारजमा झाली, सवय घरी आली. पहारा देणारी वस्तू म्हणजे हत्यारच. ते गंजता कामा नये. फडकं काचेवर फिरलं आणि शेंगा, शेवगा, मिशा, सगळं रेश्माच्या डोळ्यांदेखत दुधात बुडालं.

दोघी बाहेर आल्या. रेश्मानं मोबाईल सासऱ्याच्या हातात दिला. त्यांनी एकदा बघितलं. मग जुनी क्लिप बघितली. मग घड्याळाचा हिशेब ऐकला. माणसानं स्वतःला असं लांबून चालत येताना कधी बघितलेलं असतं?

"आन् घोंगडं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

"गेल्या साली कोंडीबानंच दिलंय न्हवं," राहीबाई म्हणाली. "त्याच्या मेंढरांच्या लोकरीचं. लय ऊब हाय, तुमीच म्हणत हुता."

नानासो खाली बसले. म्हणाले, "रानात जातो. त्याला बाजूला घिऊन सांगतो."

"मामा, तुमी डेअरीत म्हणाला हुता," रेश्मा म्हणाली. "डेअरीतच म्हणा."

सुनेनं सासऱ्याला असं बोलायचं नसतं म्हणे. नसेल. पण ती बोलली, आणि राहीबाईनं तिला अडवलं नाही.

डेअरीत पंचवीस माणसांपुढं नानासोंनी आपल्याच नाकपुड्या दाखवल्या. लोक पोट धरून हसले. सोमवारी मुंडी हलवणारा एकजण तर म्हणाला, "मला तवाच शंका आलती!" असली माणसं प्रत्येक गावात असतात, आणि त्यांना कधीच कुणी कानफटात मारत नाही. कोंडीबाला बोलावून आणलं होतं. तो हसला नाही. त्यानं जुनी क्लिप मागून घेतली, डोळे बारीक करून बघितली.

"नाना, ह्यात मी तुमास्नी कुठं दिसलो?"

नानासोंनी मोबाईल परत घेतला. "चुकलं माझं," ते म्हणाले. परेडचा आवाज आज डेअरीच्या उंबऱ्यालाही पोचला नाही. "मेंढरं माझ्या रानात बसव. आजच."

"न्हाई नाना. बिऱ्हाड घोड्यावर चढलंय. पुढच्या साली बघू, माझं मला वाटलं तर."

घरी येऊन नानासो न सांगता कॅमेऱ्यापाशी गेले. साबणाचं पाणी रेश्मानं दिलं. "तेल न्हाई, मामा." "व्हय गं, कळलं," ते खेकसले आणि काच घासत राहिले.

दुपारी तीनशे मेंढरांची धूळ रस्त्यानं आली. घरासमोर कोंडीबा थांबला. मेंढरं पुढं जाऊ दिली. मग अंगणात येऊन कॅमेऱ्याखाली उभा राहिला, डोक्यावरचं घोंगडं मागं टाकलं, पटकाही काढला आणि उघड्या डोक्यानं वर बघितलं.

"पोरी, दिसतोय का आता?"

आतून रेश्मानं मोबाईलमध्ये बघितलं. कपाळावरच्या आठ्या, पिकलेले कल्ले, उजव्या भुवईवरचा जुना व्रण, सगळं.

"दिसताय, बाबा. लख्ख दिसताय."

"ठिव मग तसंच," म्हणून त्यानं पटका बांधला आणि मेंढरांमागं गेला. नानासो दारात उभे होते. त्यांच्याकडं त्यानं बघितलं नाही.

बंब कुणी नेला, ते अजून कळलेलं नाही.